मे सॉट: सीमेवरच्या करेन वस्त्यांजवळ पाच दिवस

दिवस पहिला, शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५: घाट, बाजार आणि माग

बँकॉकच्या मो चित स्थानकावरून रात्रीची बस धरली की सकाळी मे सॉट, म्यानमारच्या सीमेवरचं थायलंडचं गाव. अंतर सुमारे ५०० किलोमीटर, वेळ आठ-नऊ तास. १२ ऑगस्टला थायलंडचा मातृदिन असतो. त्याला शनिवार-रविवार जोडून आले की गाड्या भरतात, म्हणून जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढावं. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड विमानात बसण्याआधी ऑनलाइन भरावं लागतं. पासपोर्ट बॅगेत नको, खिशात हवा, कारण घाटात चौक्या आहेत आणि झोपेतून उठवून तपासणी होते.

ताक शहर मागे पडलं की डोंगर सुरू होतो. धुक्यातल्या एका वळणावर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पाठोपाठ मागच्या ट्रकनेही वाजवला. रस्त्याकडेला चाओ फो फावोचं ठाणं आहे. फावो हा करेन, म्हणजे थायलंड-म्यानमार सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या समाजातला, योद्धा. त्याने सयामच्या नरेसुआन राजासाठी ही सरहद्द राखली, अशी श्रद्धा आहे. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकतात तसंच हे. घाटवाट ज्याला ठाऊक होती, त्याला त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांनी दिलेला मान. करेन लोकांची ओळख इथून व्हावी हे चांगलंच, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे ऐकू येतं त्यात ‘बाहेरचे’ हाच शब्द फार येतो.

थोडी उलगड आधी करायला हवी. मे सॉटमध्ये भेटणारे करेन तीन वेगवेगळ्या परिस्थितींत राहतात. एक, पिढ्यान्‌पिढ्या थायलंडच्या डोंगरात शेती करणारे, थायलंडचे नागरिक असलेले. दुसरे, म्यानमारमधून कारखान्यांत आणि शेतांत मजुरीला आलेले. तिसरे, म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेले आणि छावण्यांत राहणारे. भाषा तीच, कपडे तेच, कधीकधी घराणंही एकच. खिशातला कागद तेवढा वेगळा. ‘करेन’ हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं. स्गॉ ही करेन भाषा बोलणारे स्वतःला ‘प्गा क’न्यॉ’ म्हणतात, म्हणजे ‘माणसं’.

सकाळच्या बाजारात मराठी माणसाचे पाय अडखळतात ते अंबाडीच्या ढिगाशी. लालसर देठाची, आंबट, आपलीच अंबाडी. बाजूला सोललेले बांबूचे कोंब, मिरच्या, पानाचे विडे आणि आंबवलेल्या माशाची करडी पेस्ट. चहाच्या दुकानात गरम नान आणि उकडलेले वाटाणे मिळतात. शाकाहारी माणसाने न्याहारी इथेच पोटभर करून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक भाजीत ती पेस्ट असते. ‘किन जे’ म्हटलं की मांस-मासे-अंडी नको हे थाई दुकानदाराला कळतं, कांदा-लसूणही जातो.

दुपारी पाऊस लागला. एका घराच्या ओसरीवर विणकाम चाललं होतं. करेन माग म्हणजे पाच-सहा काठ्या आणि एक कमरपट्टा. ताण्याचं एक टोक घराच्या खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. पाय लांब करून ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे वाकली की सैल. यंत्र तिचं अंगच. हात जेवढे पुरतात तेवढाच पट्ट्याचा पन्हा. म्हणूनच करेन सदरा दोन पट्टे मधोमध जोडून शिवतात आणि गळ्यासाठी जोड तेवढी उघडी ठेवतात, कापड कापावं लागत नाही. चूक होते ती रेलण्यात. थकल्यावर बाई नकळत सैल बसते, बाणा कमी ठोकला जातो आणि तो एक वीतभर भाग जाळीदार निघतो. विकत घेताना पट्टा उजेडासमोर धरून बघावा. बायकांच्या पोलक्यांवर पांढऱ्या टणक बिया शिवलेल्या असतात. त्या रानजोंधळ्याच्या आहेत, प्लास्टिकचे मणी नव्हेत. थैलीची ऑर्डर देऊन मंगळवारचा वायदा ठरला.

एक सांगून ठेवते. लांब पांढरा झगा दुकानात फार सुंदर दिसतो, पण तो अविवाहित मुलींचा. लग्न झालेल्या बायका रंगीत पोलकं आणि लुंगी नेसतात. विवाहित पाहुणीने पांढरा झगा घालून समारंभाला जाऊ नये. कोणी बोलणार नाही, पण सगळ्यांच्या लक्षात येतं.

दिवस दुसरा, शनिवार, ९ ऑगस्ट: पौर्णिमेचा धागा

आपल्याकडे नारळी पौर्णिमा होती, बहिणी राख्या बांधत होत्या. इथे त्याच सुमारास मनगटाला पांढरा धागा बांधायचा सण असतो. दिवस गावागणिक थोडा पुढेमागे होतो, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावं. सकाळी लवकर जावं; दहानंतर भाषणं आणि नाचच उरतात.

बांबूच्या ताटात सात वस्तू: थंड पाणी, पांढरा धागा, चिकट भाताचे गोळे, पानात बांधलेल्या भाताच्या त्रिकोणी पुड्या, केळी, उसाची कांडी आणि एक रानफूल. थंड पाणी मन शांत राहावं म्हणून, भाताचा गोळा एकमेकांना चिकटून राहावं म्हणून. ऊस आणि ते फूल कुठेही लावा, रुजतात. देशोधडीला लागलेल्या लोकांत या दोन वस्तूंवर वडीलधारे सर्वांत जास्त बोलतात.

मूळ कल्पना अशी: माणसाचा ‘क्ला’, म्हणजे जीव किंवा प्राण, भीतीने, आजाराने, लांबच्या प्रवासाने अंगातून निघून भटकतो. त्याला हाक मारून परत आणायचं आणि धाग्याने बांधून ठेवायचं. एक आजी, इथे आजीला ‘पी’ म्हणतात, लाकडावर डाव आपटून हाका मारत होत्या. मुलांची दृष्ट काढून झाल्यावर आपल्या घरातली म्हातारी जशी ठामपणे पुटपुटते, अगदी तसा स्वर. मग धागा मनगटावर फिरवायचा आणि शेवटी गाठ मारायची. पाहुण्यांनाही बांधतात. डोकं झुकवावं, उजवा हात पुढे करावा, डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यावा. देणंघेणं करताना इथे हीच रीत आहे. आभार मानायला ‘ता ब्लूट’.

सगळे करेन हा विधी करत नाहीत. बहुतेक लोक बौद्ध आहेत आणि ते आपली जुनी दैवतंही सांभाळतात. मोठा गट बाप्टिस्ट ख्रिश्चन आहे. काही चर्चना प्राण बोलावणं पटत नाही, तर काही ख्रिश्चन घरं हा करेनपणाचा सण म्हणून येतात. कोणाला ‘तुम्ही का नाही बांधलात?’ असं विचारू नये.

नंतर तरुणांचा दोन नाच झाला. ‘दोन’ हे त्या नाचाचं नाव. तीस-चाळीस मुलंमुली रांगांत एकदम हलतात, एकटा कोणी चमकत नाही. एक हात जरी उशिरा उठला तरी दिसतो, म्हणून महिनोन्‌महिने सराव चालतो.

मनगटावर धागा असलेल्यांत एक पाहुण्या होत्या. अमेरिकेतल्या सेंट पॉलला शाळेत दुभाषी, सुट्टीला आलेल्या. शिक्षकाला इथे ‘थ्रा’ आणि शिक्षिकेला ‘थ्रामू’ म्हणतात. आपण शाळेत ‘बाई’ म्हणतो तसंच सगळं गाव त्यांना थ्रामू म्हणत होतं.

दिवस तिसरा, रविवार, १० ऑगस्ट: रस्ता १०५

मे सॉटहून उत्तरेला मे सारियांगकडे जाणारी सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकं असलेली टपाची गाडी, सकाळच्या वेळात मिळते. दुपारनंतर परतीची खात्री नाही. मोई नदीच्या काठाने जाताना मोबाइल अचानक अर्धा तास मागे जातो. पलीकडचा टॉवर पकडतो आणि म्यानमारची वेळ थायलंडच्या अर्धा तास मागे आहे. परतीची गाडी चुकते ती याच कारणाने. घड्याळ हाताने लावून ठेवावं. मोई दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि साल्वीन नदीला मिळते. ऑगस्टमध्ये लाल, फुगलेली असली तरी उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून लोक पोरं खांद्यावर घेऊन पलीकडून आले आहेत.

तासाभराने डावीकडे चुनखडीचे काळे उभे कडे दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी पानांच्या छपरांची दाटी. ही मे ला, थायलंडच्या सीमेवरच्या नऊ निर्वासित छावण्यांतली सर्वांत मोठी. छावणी १९८४ पासूनची; १९९५ मध्ये मानेरप्लॉ हे करेन नॅशनल युनियनचं, म्हणजे म्यानमारच्या सैन्याशी लढणाऱ्या करेन संघटनेचं, ठाणं पडलं, सीमेलगतच्या लहान छावण्यांवर हल्ले झाले, तेव्हा तिथली माणसं इथे एकत्र आणली गेली. मुलं इथे जन्मली, इथेच त्यांची लग्नं झाली, त्यांनाही मुलं झाली. तरी सरकारी भाषेत हा ‘तात्पुरता निवारा’ आहे. चाळीस वर्षं माणसांना तात्पुरतं म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो शब्द घरांच्या बांधणीतही उतरला आहे. तात्पुरतं असल्यामुळे सिमेंट-पत्र्याला मनाई होती. खांब निलगिरीचे, भिंती-जमीन बांबूची, छप्पर पानांचं.

ही पानं आकाराने पळसापेक्षा मोठी. उन्हाळ्यात झाडाखाली वाळून पडलेली गोळा करतात, बांबूच्या पट्टीवर दुमडून चोयांनी टाचतात. पत्रावळ लावतात तसंच, फक्त हातभर लांब. अशा पट्ट्या खालून वर, एकीवर एक चढवत बांधतात. पान शिळं झालं की कुरकुरतं, मग पहिल्या मोठ्या पावसात गळती. म्हणून छपराचं काम पावसाआधीच उरकावं लागतं. आगीची भीती त्याहून मोठी. २२ मार्च २०१३ ला उत्तरेकडच्या बान मे सुरिन छावणीत आग लागून ३७ माणसं गेली. घरं इतकी खेटून असतात की ठिणगी उडाली तर पाणी आणेपर्यंत तिसरं छप्पर पेटलेलं असतं.

छावणीत जायला थायलंडच्या गृहखात्याची परवानगी लागते आणि पर्यटकाला ती मिळत नाही. मिळवायचा प्रयत्नही करू नये. सैनिकांचे, चौकीचे फोटो काढू नयेत, आणि कुंपणापलीकडच्या मुलांना गोळ्या वाटू नयेत. गर्दी झाली की ओरडा त्या मुलांना बसतो. रस्त्यावरच्या बायकांकडून बांबूचे कोंब, केळी विकत घ्यावीत.

त्या आठवड्यात छावणीत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. परदेशी मदत आटल्याने ३१ जुलैपासून बहुतेक घरांची अन्नमदत बंद झाली होती. आधी तांदूळ, पिवळी डाळ, तेल, मीठ, माशाची पेस्ट मोजून मिळायची, पुढे त्याचं पैशाचं कार्ड झालं. आता तेही गेलं होतं. बाहेर मजुरीला जाण्याचा कायदेशीर हक्क तेव्हा नव्हता, आत रेशन नव्हतं. मक्याच्या शेतांत चोरून कामाला गेलेला माणूस पकडला गेला, तर त्या दिवसाची मजुरीही जायची. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने तरीही पहिला प्रश्न तोच विचारला: ‘ऑ मे वी ली आ?’ म्हणजे ‘जेवलात का?’

दिवस चौथा, सोमवार, ११ ऑगस्ट: तालाबाव आणि कागदपत्रं

दिवसभर मुसळधार. उम्पांग गावाकडे जाणारा १,२१९ वळणांचा घाट रद्द केला. पावसात त्या रस्त्यावर दरडी येतात आणि उलट्यांची गोळी घेतली तरी हाल होतात. थ्रामूंच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात तालाबाव शिजत होतं.

हे करेन लोकांचं रोजचं घट्ट कढण. चार माणसांना एक मूठ तांदूळ, बस. तांदूळ भिजवून जाडसर ठेचायचा, दोन लिटर पाण्यात सुक्या मासळीबरोबर उकळायचा. बांबूचे कोंब वेगळे वीसेक मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो आणि कडवटपणाही त्या पाण्यातूनच जातो. मग कोंब, चवळीच्या शेंगा, भोपळ्याचे कोवळे शेंडे या क्रमाने. पेस्ट, मिरची, मीठ. तुळशीच्या जातीचा पाला सर्वांत शेवटी, विस्तव काढल्यावर. तांदूळ मुठीपेक्षा जास्त पडला की त्याची खळ होते. अंबाडीच्या भाजीत आपण कण्या घालतो, त्याच घरातली ही पाककृती वाटते: थोड्या धान्यात पुष्कळ पाला शिजवून घर जेवू घालायचं.

जेवताना थ्रामू परदेशी जाण्याबद्दल बोलल्या. त्यांनी सांगितलेला क्रम नीट लिहिते, कारण ‘विमानात बसून गेले’ एवढंच आपल्याला ठाऊक असतं. आधी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंद. २००५ मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर माणसं घ्यायचं ठरवलं, पण ज्यांची नोंद तेव्हा झाली होती त्यांचीच नावं पुढे गेली. नंतर आलेल्यांची नोंद रखडली. मग घरातल्या प्रत्येकाची मुलाखत आणि कागदांची फाइल, मग अमेरिकन अधिकाऱ्याची मुलाखत, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी, काही दिवसांचा परिचय वर्ग आणि शेवटी तिकीट. क्षयाचा संशय आला तर थुंकीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीलाच (कल्चर) आठ आठवडे लागू शकतात. अडकतं ते मुदतींमध्ये: प्रत्येक तपासणीला स्वतःची मुदत आहे. एकीचा निकाल येईपर्यंत दुसरीची मुदत संपली की ती पुन्हा. मध्येच बाळ जन्मलं किंवा मुलीचं लग्न झालं की कुटुंबाची फाइलच बदलते. विमानतळावर हातात पांढरी-निळी प्लास्टिकची पिशवी असते, तीत सगळे कागद आणि छातीचा एक्स-रे. ती सामानात टाकायची नाही. तिकिटाचे पैसे बिनव्याजी कर्ज असतात आणि पोहोचल्यावर काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात. अनेक घरांना हे पहिल्या बिलावरूनच कळलं.

नावांचा घोळ मात्र सगळ्यांना पुरून उरला. करेन लोकांना आडनाव नसतं. ‘सॉ’ आणि ‘नॉ’ ही पुरुष आणि स्त्रीच्या नावाआधीची संबोधनं, श्री आणि श्रीमतीसारखी. नावं अर्थपूर्ण: ‘पॉ’ फूल, ‘थू’ सोनं, ‘ए’ प्रेम. फॉर्मवर मात्र पहिलं नाव आणि आडनाव अशा दोन चौकटी. मग ‘नॉ’ हेच पहिलं नाव झालं आणि वर्गात चार मुली ‘नॉ’ या हाकेला उठू लागल्या. आईबाप आणि दोन मुलं यांची आडनावं चार. शाळेला, बँकेला, दवाखान्याला हे एक कुटुंब आहे हे दर वेळी पटवून द्यायचं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांना १ जानेवारी मिळाली. वय दोन-तीन वर्षांनी चुकलं की मूल चुकीच्या इयत्तेत बसतं, म्हाताऱ्याचं पेन्शन लांबतं. थ्रामू सगळ्यांना एकच सल्ला देतात: नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलून मागा, तिथे त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. निर्वासिताला एक वर्षाने ग्रीन कार्डचा आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तोवर प्रत्येक कागदावर एकच स्पेलिंग ठेवायचं.

सेंट पॉल ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात करेन लोक २० हजारांच्या आसपास आहेत, अमेरिकेतली ही त्यांची सर्वांत मोठी वस्ती. पहिल्या नोकऱ्या बहुतेकांना मांस कारखान्यांत मिळाल्या: इंग्रजी कमी चालते, पण पहाटेची पाळी, थंडगार खोली आणि दिवसभर एकच हालचाल, त्यामुळे मनगटं जातात. पहिल्या हिवाळ्यात जाड कोट सगळे घेतात, मोज्यांची जास्तीची जोडी कोणी घेत नाही. पाय ओले झाले की कोटाचा उपयोग नाही. आणि अंबाडी? तीही तिथे पोहोचली आहे. एप्रिलमध्ये खिडकीत रोप करायचं, मे महिन्याच्या मध्यानंतर, दहिवराचा धोका टळला की बाहेर लावायचं. पाला भरपूर येतो. बोंडं धरत नाहीत, कारण अंबाडीला फुलायला लहान दिवस लागतात आणि दिवस लहान होईतो थंडी तिला मारते. बी दरवर्षी विकतच आणावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासित घेणं थांबवलं. सगळे टप्पे पार करून बॅगा भरलेली कुटुंबंही जिथल्या तिथे राहिली. वैद्यकीय मुदती एकेक करून संपत गेल्या. हे सांगताना थ्रामू मनगटावरचा धागा फिरवत होत्या. त्यांच्या मावसबहिणीची फाइल त्यातलीच.

दिवस पाचवा, मंगळवार, १२ ऑगस्ट: क्लिनिक, नदी, परतीची वाट

थायलंडला मातृदिनाची सुट्टी, करेन लोकांचा हुतात्मा दिन. करेन लढ्याचे नेते सॉ बा ऊ जी यांना १२ ऑगस्ट १९५० ला मारलं गेलं; यंदा ७५ वर्षं झाली. मूठभर माणसं फुलं वाहून गप्प उभी होती.

मे ताओ क्लिनिक बाहेरूनच पाहिलं. तिथे जायचं तर आधी परवानगी घ्यावी आणि रुग्णांचे फोटो काढू नयेत. डॉ. सिंथिया माउंग या स्वतः करेन. म्यानमारमधल्या १९८८ च्या उठावानंतर सीमा ओलांडून आल्या आणि १९८९ मध्ये एका मोडक्या लाकडी घरात दवाखाना सुरू केला. अवजारं भाताच्या कुकरमध्ये उकळून निर्जंतुक केली. २००२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, सहा वर्षांनी तोच आमटे दांपत्याला. इथलं सर्वांत मोलाचं काम मला बाळंतपणाच्या कागदाचं वाटतं. थायलंडमध्ये जन्मलेल्या कोणत्याही मुलाची जन्मनोंद होऊ शकते आणि ती १५ दिवसांत करायची असते. जन्माचा दाखला घेऊन सरकारी कार्यालयात जायचं. नागरिकत्व त्याने मिळत नाही, पण मूल कधी, कुठे, कोणाच्या पोटी जन्मलं हे तरी ठरतं. १ जानेवारीचा घोळ इथेच टळतो. शेतात बाळंतपण झालं की दाखला नाही, मग साक्षीदार, मग उशीर.

नदीकाठच्या रिम मोई बाजारातून पलीकडचं, म्यानमारमधलं म्यावाडी शहर दिसतं. होडीवाले ‘दोन मिनिटांत फिरवून आणतो’ म्हणतात, जाऊ नये. पलीकडच्या ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सॉटहूनच परत आणलं, त्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. थायलंडमध्ये टायपिंगची, भरघोस पगाराची नोकरी असं कोणी ओळखीत सांगत असेल, तर हा परिच्छेद त्यांना दाखवा.

परतल्यावर दोन आठवड्यांनी, २६ ऑगस्टला, थायलंडच्या मंत्रिमंडळाने छावणीतल्या नोंद असलेल्या निर्वासितांना बाहेर कायदेशीर काम करू द्यायचं ठरवलं. पुन्हा ‘नोंद असलेल्या’. थ्रामूंचा निरोप आला: मे लातल्या भाच्याला काम मिळेल, भाचेसुनेला नाही, ती नंतर आलेली.

थैली मंगळवारी दुपारी तयार होती. लाल, मधोमध जोड, कडेला मोकळ्या दशा. पट्टा उजेडासमोर धरला, कुठेही विरळ नाही. विणणारीने थैली देताना उजव्या कोपराला डावा हात लावला आणि बजावलं: पहिल्या धुण्याला थंड पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि बाकीच्या कपड्यांत टाकू नका, लाल रंग सुटतो.